बारीकमावशींचे खालचे काप

आमच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना बारीकमावशी म्हणत. देह पाहून नव्हे. यंत्राच्या खोलीत शिरताना त्यांना जरा तिरपंच व्हावं लागे. नाव पडलं ते कामावरून. उंदराचा गोठवलेला मेंदू यंत्रावर बसवायचा, हाताने सुरी सरकवत त्याचे केसाएवढे पातळ काप काढायचे आणि ओल्या ब्रशने उचलून क्रमाने वाट्यांत सोडायचे, हे त्या सव्वीस वर्षं करत होत्या. यजमान शिंपी. "आम्ही दोघंही कापतो," त्या सांगत, "पण ह्यांचं कापलेलं शिवता तरी येतं."

मी डॉक्टरेटसाठी आले तेव्हा सहा महिने त्यांनी मला सुरीला हात लावू दिला नाही. "आधी बघ. डोळे शिकले की हात शिकतात." मला राग यायचा. एवढ्या पदव्या घेऊन मी ब्रश धुवायचे! पण आपल्या डब्यातला अर्धा भाग न विचारता पुढे सरकवणाऱ्या बाईवर माणूस रागावणार तरी किती?

माझा विषय होता डुलणारे उंदीर. जन्मजात दोषामुळे ह्यांचा चालताना तोल जातो. निरोगी मेंदूत नंतर जन्मलेल्या पेशी आधीच्यांना ओलांडून वर जाऊन बसतात आणि थरावर थर चढतो. ह्यांच्यात नंतरच्या पेशी खालीच अडकतात, सगळे थर खालीवर. आता उंदराला जग कळतं मिशांनी, आणि मेंदूत प्रत्येक मिशीचा एक ठिपका असतो, मिशांच्याच पाच रांगांत मांडलेला. नकाशाच म्हणा ना. थर बिघडले की तो नकाशाही मोडतो का, एवढंच मला शोधायचं होतं.

मेंदूचा वरचा पापुद्रा सपाट पसरून मावशींनी वरून खाली काप काढले. मी सहा ते बारा क्रमांकाचे रंगवले, कारण निरोगी उंदरात ठिपके तिथेच सापडतात. निरोगी मेंदूत नकाशा लख्ख उमटला. डुलणाऱ्या पाचही उंदरांत नुसता गढूळ तपकिरी रंग.

माझे मार्गदर्शक सर वैतागले. "एखादा अर्धामुर्धा ठिपकाही नाही? काप तिरके गेलेत. मावशींचा हात थरथरतो का गं?"

"थरथरतो कधीकधी," मी म्हणाले. खोटं नव्हतं, आणि माझ्या सोयीचंही होतं. सरांनी ठरवून टाकलं: एक तारखेपासून मावशी बाटल्या धुण्याच्या खोलीत. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

मावशींनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "सहा ते बाराच पाहिलेस?"

"ठिपके तिथेच असतात, मावशी."

"धडधाकट उंदराचे. अगं, ज्याचं सगळं घरच खालीवर झालंय, त्याच्या वस्तू जागच्या जागी कशा सापडतील?"

"पण खालचे काप आपण टाकतो ना?"

"तुम्ही टाकता." त्यांनी फ्रिज उघडला. खालच्या फळीवर पाचही उंदरांचे खालचे काप, झाकणांवर क्रमांक घालून ठेवलेले. "काम पुरं होईपर्यंत मी काही टाकत नाही. नियम काय वाटेल तो असो."

दुपारपर्यंत मी ते रंगवले. चौदाव्या कापात काही ठिपके उमटले, पंधराव्यात आणखी, सतराव्यात उरलेले. कडा जरा विस्कटलेल्या. प्रत्येक उंदराची चित्रं एकावर एक ठेवली आणि मिशांच्या पाचही रांगा जुळल्या, एकूण एक मिशी हजर. नकाशा मोडला नव्हता, फक्त खाली गेला होता. मला इतका आनंद झाला आणि त्याच क्षणी इतकी लाज वाटली, की मी तडक सरांकडे गेले आणि दोन्ही सांगितलं: नकाशा सापडल्याचं, आणि माझ्या सोयीसाठी सगळं मावशींच्या हातावर ढकलल्याचं.

सरांनी येऊन एकेक काप सूक्ष्मदर्शकात पाहिला. मग म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. बाटल्यांचं विसरा. तुमचा हात शाबूत आहे."

"शाबूत कुठला, सर? थरथरतोय, चार महिने झाले. डाव्या हाताने उजवं मनगट आवळून हे काप काढले, म्हणून सरळ निघाले. पोरीने खोटं सांगितलं नव्हतं. पुढचा उंदीर मात्र मी घेणार नाही, माझ्याकडून वाया गेला तर?"

"मग कापणार कोण?"

मावशींनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. "ही. सहा महिने नुसती बघतेय, बिचारी कंटाळली असेल. मी शेजारी उभी राहीन. बाटल्यांच्या खोलीतून मला हिच्या चुका दिसायच्या नाहीत."

सरांनी मान डोलावली. माझा पहिला काप फाटला, दुसराही. तीन वर्षं मावशी माझ्या शेजारी उभ्या राहिल्या; सुरीवर ओरडल्या, ब्रशवर ओरडल्या, डबा सरकवत राहिल्या. सरांना त्या दिवशी तसं का सांगितलंस, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.