शिळ्या पावाने पुसलेली भिंत

इंग्लंडमधल्या लिंगबी गावच्या चर्चची किल्ली थर्टल घराण्यात किती पिढ्यांपासून आहे, कोणालाच ठाऊक नाही. थर्टलांच्या सूनबाई हिल्डा यांना विचाराल तर किल्ली आधीची, चर्चचा गोल मनोरा नंतरचा. किल्ली वीतभर, बाईंचा तोरा हातभर. एकाहत्तराव्या वर्षीही ईस्टरच्या आधी भिंतींवरची मेणबत्त्यांची काजळी त्या शिळ्या पावाच्या गोळ्याने पुसत. सासूची शिकवण.

यंदा उत्तरेच्या भिंतीवर हात जरा जोरात पडला. बशीएवढा चुना गळला आणि आतून एक डोळा बाईंकडे बघू लागला.

बाई मटकन बाकावर बसल्या. भीती डोळ्याची नव्हती, किल्लीची होती. भिंत बिघडवली म्हणून लार्टर ती काढून घेणार. लार्टर म्हणजे चर्चचा कारभारी, शाळेत त्यांच्याच वर्गातला. बाईंनी महिला मंडळाचा झेंडा त्या डोळ्यावर टांगला. झेंडा वाकडा का, यावर गावाने दोन रविवार काढले. तिसऱ्या रविवारी लार्टरने तो सरळ करायला उचलला.

"हिल्डा, हा कोण?"

"मला काय विचारतोस? माझ्या आधीपासून आहे."

"म्हणजे गावात तुझ्याहून जुनं कुणी निघालं म्हणायचं."

नॉरिच शहरातून जुन्या भित्तिचित्रांच्या जाणकार बाई आल्या. महिनाभर बारीक सुरीने त्यांनी चुना खरवडला. आधी दाढी निघाली, मग काठी, मग खांद्यावरचं बाळ. पायांशी नदी, नदीत मासे आणि केस विंचरणारी जलपरी. ती थेट पोस्टातल्या मेबलसारखी आहे, हे गावाने लगेच ठरवून टाकलं. बाळ येशूला खांद्यावरून नदीपार नेणारा, छताला टेकलेला संत क्रिस्टोफर, बरोब्बर दारासमोर. सकाळी उंबऱ्यातून त्याचं तोंड दिसलं की त्या दिवशी अवचित मरण नाही, असं जुनी माणसं मानत. सहाशे वर्षांपूर्वी रंगवलेला. पुढे चर्चमध्ये चित्रं नकोत असं ठरलं, तेव्हापासून चारशे वर्षं चुन्याखाली गाडलेला.

"पावाने कोण पुसायचं?" जाणकार बाईंनी विचारलं. "कण राहतात, बुरशी धरते."

हिल्डाबाईंनी किल्ली बाकावर ठेवली. "मी. चाळीस वर्षं."

"उचल ती," लार्टर म्हणाला. "रोज सहाला दार उघडायला माझे गुडघे धड नाहीत. पाव तेवढा बंद कर."

हिल्डाबाईंना ते ऐकूच गेलं नाही. त्या वर बघत होत्या. चाळीस वर्षं आपला हात ह्याच्याच गालावरून फिरत होता, आणि हा आतून गप्प सोसत होता.

शेवटी लार्टरनेच किल्ली उचलून त्यांच्या एप्रनच्या खिशात टाकली.