अडीचचा दीड

जळगावच्या एका चष्मेवाल्याने मला फसवलं. मी मागितलं तेच त्याने मला दिलं, आणि फसवणूक ती तेवढीच. नुकसान माझं झालं असतं तर एव्हाना भांडून मोकळी झाले असते. झालं ते माझ्या मुलीचं.

माझा धंदा केळीचा. भुसावळ स्टेशनबाहेर हातगाडीवर डझनाने केळी विकत होते, आता यावल-रावेरकडच्या बागा पिकासकट उभ्या घेते आणि टेम्पो भरून माल पाठवते. या धंद्यात बायका कमी. सुरुवातीला शेतकरी माझ्या मागे कोणी पुरुष माणूस उभा आहे का, ते बघायचे. मी बांधावरूनच घडाच्या फण्या मोजायचे. "दहा कुठल्या भाऊ? नऊ आहेत, आणि खालची तर बोटाएवढी." मग त्यांचं मागे बघणं थांबायचं. मला नजरेने कोणी फसवू शकत नाही, असं मी चारचौघांत सांगायचे.

मुलगी पाचवीत होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी तिला सोबत न्यायचे. बांधावर उभी करून विचारायचे, "त्या घडाला किती फण्या?" ती म्हणायची, "नऊ." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. पोरगी माझ्यावर गेली म्हणून मी खूश.

एका रविवारी चोपड्याकडच्या बागेत कटाई चालू होती. समोरच्या ओळीतले घड आदल्या दिवशीच उतरवले होते, नुसती खोडं उभी होती. मी न बघताच बोट केलं, "त्याला किती?"

"नऊ."

कटाईवाले हसले. एकजण म्हणाला, "अक्का, तुमच्या पोरीले तर कापेल घड बी दिसतस!" मला राग आवरत नाही. मी तिला एक चापट मारली. "बघितल्याशिवाय बोलतेस?"

गाल चोळत ती म्हणाली, "मला तिथलं हिरवं-हिरवंच दिसतं. ते लोक दहा म्हणतात आणि तू नऊवर आणतेस, म्हणून मी नऊ म्हणते."

टेम्पोत बसल्यावर तिने बाकीचंही सांगितलं. शाळेत डोळे तपासायला आले होते तेव्हा ती रांगेत शेवटी होती. पुढच्या मुलींनी वाचलेली अक्षरं ऐकून तिने पाठ केली आणि आपला नंबर आल्यावर म्हणून दाखवली. घरी आलेल्या कागदावर नजर ठीक असल्याचं लिहिलं होतं. मी तो वाचून खणात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बाई तरुण होत्या. दोन्ही डोळ्यांना उणे अडीच नंबर निघाला. त्यांनी शांतपणे समजावलं. डोळा लांबीला जास्त वाढतो, म्हणून लांबचं धूसर दिसतं. गाजरं खाऊन नंबर उतरत नाही. चष्मा दिवसभर लावायचा. पुस्तक, मोबाइल हातभर लांब धरायचा, मधून मधून नजर लांब टाकायची. रोज दोन तास बाहेर उजेडात खेळू द्यायचं. आणि सहा महिन्यांनी परत दाखवायचं, नंबर वाढत असेल तर तो मंद करायला थेंब असतात, ते तेव्हा ठरवू.

"जळगावच्या उन्हात दोन तास? पोरगी वाळत घालू का?" मी विचारलं.

"सकाळी आणि संध्याकाळी, ताई," त्या म्हणाल्या. "दुपारी मीसुद्धा बाहेर पडत नाही."

घरी सासरे कागदाकडे बघत म्हणाले, "पोरगीले चष्मा? सोयरीक कसी जमी? बठ्ठा लोक इचारतीन." मी म्हटलं, "आबा, ती दहा वर्षांची आहे." पण ते बोलणं मनात राहिलं, हे खोटं कशाला सांगू? त्यात शेजारणीने सांगितलं की पहिल्यांदाच पूर्ण नंबर दिला की डोळा आळशी होतो आणि नंबर चढतच जातो.

म्हणून चष्म्याच्या दुकानात मी आधी फ्रेमचा भाव पाडला आणि मग नंबरचा. "अडीच फार होतात. दीड करा."

दुकानदाराने कागद बघितला. "डॉक्टरांनी अडीच लिहिलाय, ताई."

"डॉक्टर लिहितातच. पुढच्या वर्षी वाढवू. नाहीतर दुसरीकडे जाते." मी पिशवी उचलली. माल घेताना मी हेच करते.

"बसा, ताई, बसा. दीड चालेल. होते डोळ्याला सवय."

मी जिंकून घरी आले.

मुलगी चष्मा लावून शाळेत गेली आणि आठवड्याने म्हणाली, "आई, फळा अजून नीट दिसत नाही." मी दुकानदाराचंच वाक्य तिला दिलं, सवय होईल. तिने आणखी दोनदा सांगितलं, मग सांगणं सोडलं. सहा महिन्यांनी दाखवायचं ते राहिलं, मालाचे दिवस होते. सहावीत गेल्यावर शाळेतून बोलावणं आलं. पोरगी बाकावरच्या शेजारणीच्या वहीत बघून गणितं लिहिते, म्हणे. मी वर्गाच्या बाईंवर तुटून पडले. माझी पोरगी चोर नाही. बाई म्हणाल्या, "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." त्यांचं खरं होतं. फळ्यावरचं गणित वाचता येईना, म्हणून ती शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत होती. पण वर्गात तिचं नाव कॉपी करणारी पडलं ते पडलंच.

दिवाळीत धुळ्याला बहिणीकडे गेलो. तिच्या मुलीचे डोळे दाखवायचे होते, माझ्या मुलीलाही नेलं. तिथले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी मुलीचा चष्मा एका यंत्रात ठेवून बघितला, मग माझ्याजवळचा जुना कागद वाचला.

"कागद अडीचचा आहे, चष्मा दीडचा. आणि आता नंबर चार झालाय."

"चष्मेवाल्याने फसवलं," मी म्हणाले.

"नाही," मुलगी म्हणाली. "आईने कमी करून घेतला."

बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरांना विचारलं, पूर्ण दिला असता तर इतका वाढला नसता ना? ते म्हणाले, "या वयात तो वाढतोच. तुमच्यामुळे किती वाढला ते मी सांगू शकत नाही. पण कमी नंबर देऊन तो थांबत नाही, एवढं नक्की. वेळेवर दाखवलं असतं तर थेंब आधी सुरू केले असते."

मुलीने विचारलं, "म्हणजे मला वर्षभर फळा दिसायला हवा होता?"

"हो, बाळा."

मला भांडणारी माणसं समजतात. गप्प बसलेल्या पोरीशी काय बोलायचं ते मला येत नव्हतं. परतीच्या एसटीत, अर्धी वाट सरल्यावर, मी तिला म्हटलं, माझी चूक झाली. ती म्हणाली, "तू शाळेत येऊन सांग." मी गेले. बाईंसमोर आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं की ही कॉपी करत नव्हती, हिच्या आईने हिला अर्धवट चष्मा दिला होता.

नंतर त्या दुकानात गेले. तो म्हणाला, "तुम्हीच मागितलात. तुम्ही तर उठून चालला होतात, ताई."

"दीडमध्ये फळा दिसणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

तो काच पुसत राहिला. "सगळेच कमी मागतात. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं."

आता तिला चारचा चष्मा आहे, रात्री थेंब, आणि सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही मेहरूणच्या तलावाला फेरी मारतो. मागच्या रविवारी बागेत तिने माझ्या आधी सांगितलं, "आठ." मी मोजल्या. आठच होत्या.

चुकीतला माझा वाटा मी वर्गात उभी राहून कबूल केला. पण मी बागेत घासाघीस करते तेव्हा समोर केळी कळणारा माणूस असतो. परवडत नसेल तर तो मला सरळ सांगतो, "अक्का, जमणार नाही, निघा." मला काचा कळत नव्हत्या, चष्मेवाल्याला कळत होत्या. मी उठून गेले असते तर त्याचं एक गिऱ्हाईक गेलं असतं, एवढंच. त्याने माझ्या मुलीसमोर उभं राहून तिला सांगावं, मला नाही: नाही म्हणता येत असताना तो "चालेल" का म्हणाला?