धोट्याचं यंत्र आणि बिनधोट्याचं

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ आमचं शिंप्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. बदली झालेल्या एका साहेबाच्या बंगल्यात सामानाचा लिलाव झाला, तिथून मी शिवणाचं एक जुनं यंत्र आणलं. काळ्या अंगावर सोनेरी वेल, हाताने फिरवायचं चाक. चाक मात्र जागचं हलत नव्हतं. बंगल्यातला बटलर म्हणाला की तीन पावसाळे कुणी त्याला हात लावलेला नाही.

पंधरा दिवस मी त्याच्याशी झटलो. रोज खोबरेल ओतायचो. बायको आतल्या दारात उभी राहून पाहायची. एकदा तिने सांध्यातलं पिवळं किटण नखाने खरवडलं, हुंगलं आणि म्हणाली की हे तेलच वाळून लाखेसारखं झालंय, त्यावर आणखी तेल घालून काय होणार? मग चिंधी घासलेटात बुडवून तिने एकेक सांधा पुसला. तिसऱ्या दिवशी चाक फिरलं.

तरी शिवण बसेना. सुई खाली-वर व्हायची, कापडाला भोकं पडायची, दोरा ओढला की निघून यायचा. यंत्राबरोबर बटणांचा एक डबा आला होता. त्यात बोटाएवढी, होडीच्या आकाराची एक पोलादी वस्तू होती. ती कशाची, हे मला ठाऊक नव्हतं. बायकोचं माहेर कल्याणचं, शेजारी हातमाग. तिने ती हातात घेतली आणि लगेच ओळखली.

"हा धोटा आहे, मागावर आडवा दोरा नेतो तसा," ती म्हणाली. "एक दोरा वरून, एक खालून."

धोट्याची खोबण तिनेच शोधली. सुई मी उलटी बसवली होती, तीही तिनेच फिरवली. त्या दिवशी एका जुन्या पंच्याला मी हातभर शिवण घातली.

गावात बोभाटा झाला. लोक यंत्र बघायला यायचे आणि दुरुस्त कुणी केलं म्हणून विचारायचे. मी म्हणायचो, मीच. बायकोने चिंध्या धुऊन दिल्या, असंही एकदा हसत सांगितलं. ती दाराआड होती. तिने ते ऐकलं, हे मला कळलं होतं.

पुढे कल्याणच्या एका कापडवाल्याने जुन्यात घेतलेलं आपलं यंत्र माझ्याकडे पाठवलं. हे लहान होतं, धोटा कुठेच दिसेना. धोटा हरवलाय, नवा घडवून घेतो, असा निरोप मी धाडला. सुईच्या खाली एक वाकडा आकडा होता. मला वाटलं, मोडलेल्या भागाचा तुकडा राहिलाय. धोट्याला जागा व्हावी म्हणून मी तो कानशीने घासून काढला. बायको दाराशी तांदूळ निवडत होती. तिने एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

नवा धोटा कुठे बसेचना. शेवटी कापडवाल्याने मुंबईहून कारागीर आणला. त्याने माझ्यादेखत सांगितलं की हे एका दोऱ्याचं यंत्र, याला धोटा नसतोच. तो आकडाच टाका घालायचा, आणि तोच आता गेला.  कापडवाला यंत्र गाडीत घालून घेऊन गेला.

संध्याकाळी बायको म्हणाली, "त्याच्या सुईखाली जुनी चिंधी अडकलेली होती. खालच्या अंगाला साखळीची वीण होती. एकाच दोऱ्याची."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मला राग आला. तिचा आला असं मी तेव्हा धरून चाललो, आणि दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

कल्याणहून पुन्हा कुणाचं यंत्र आलं नाही. ठाण्यातली गिऱ्हाइकं शिवायला कपडे देत राहिली, पोटाला कमी पडलं नाही. पण बायकोने आमच्या यंत्राला त्यानंतर बोट लावलं नाही. मुलांची झबलीसुद्धा ती हातानेच शिवायची. यंत्र अडलं की मी मुंबईच्या त्याच कारागिराला बोलावणं धाडायचो. तो पुढे खाटखूट करत असायचा, आणि ती आत भाजी चिरत असायची.