पास करणाऱ्याने पाठ द्यायची

अबूधाबीच्या मुसफ्फा भागातल्या शेडमध्ये बंदूक हातात आली की सोमनाथ आधी कान लावतो. खेळातली असली तरी तिच्यात बॅटरी आहे, मोटर आहे, दातेरी चाकं आहेत, ओढून सुटणारी स्प्रिंग आहे. कुडाळला असताना तो विहिरीच्या पंपांच्या मोटरी बांधायचा. इथे आला एसीच्या कामावर. ते सुटलं आणि ह्या एअरसॉफ्टच्या शेडमध्ये शिरला. लोक पैसे भरून मास्क लावतात, एकमेकांवर प्लास्टिकच्या गोळ्या झाडतात, हसत घरी जातात. मागे उरतात कुरकुरणाऱ्या बंदुका आणि सोमनाथ.

"आमचो जल्म दुसऱ्यांच्या खेळात गेलो," तो म्हणतो, आणि म्हणताना हसतही नाही.

हिवाळा हा इथला सीझन, तेव्हा रजेचं नाव काढायचं नाही. आणि गावची जत्रा नेमकी हिवाळ्यातच. यंदा पालखीचा मान भाऊबंदांत फिरत फिरत सोमनाथच्या घराकडे आलेला. मॅनेजर जेसन, वसईचा, मनाने बरा. तो म्हणाला, "सोमाभाऊ, तू फक्त नवीन गनचं सॅम्पल पास कर. माल आला की रिपेअरिंग खलास. मग यल्ला, गावाला जा. फेल केलीस तर जुन्या गन कोण सांभाळणार?"

सकाळी बायकोचा फोन आला. "येतलात मां? भटजींका काय सांगू?"

"बंदूक बरी निघाली तर येतलंय."

"देवाचा काम आता बंदुकेवर?" रुपाली म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बंदूक तशी बरीच होती. मोटरचा आवाज स्वच्छ, बॅटरी जेमतेम कोमट, नळी हलत नव्हती. समोरच्या पुठ्ठ्यावर गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. मग वेग मोजायचं यंत्र लावलं. शेडचा नियम सेकंदाला साडेतीनशे फुटांचा, त्यावर नाही. तीनशे तीस, तीनशे पस्तीस, पुन्हा तीस. आणि मधेच एकदम तीनशे नव्वद. पुन्हा बराच वेळ सगळं सरळ, पुन्हा एक नव्वद.

"अरे ॲव्हरेज बघ ना," जेसन म्हणाला. "मशीनपण कधी कधी वेड्यासारखी दाखवते."

दाखवते, हे खरंच होतं. सोमनाथने यंत्र पुसलं, पुन्हा लावलं नाही.

"पास," तो म्हणाला.

ह्या शेडची एक रीत आहे, कुणी पाडली ठाऊक नाही. जो बंदूक पास करतो त्याने नुसत्या शर्टावर पलीकडच्या भिंतीशी पाठ करून उभं राहायचं आणि एक गोळी खायची. सोमनाथने मास्क चढवला, जाऊन उभा राहिला. जेसनने चाप ओढला. टुक्. वाटाणा लागावा तसं लागलं.

"झालं! तिकीट बघ आता."

सोमनाथ भिंतीशी तसाच उभा. लागली ती शहाणी गोळी होती. वेडी अजून आतच होती.

"परत मार."

"काय?"

"मारीत ऱ्हव."

"डोकं फिरलं काय? जायचंय ना गावाला?"

"जावचा हा म्हणानच सांगतंय. मार!"

जेसनने एक शिवी घातली आणि मारत राहिला. टुक्. टुक्. प्रत्येक गोळीला सोमनाथला वाटायचं, यंत्रच वेडं होतं. वाट बघून गुडघे दुखायला लागले. आणि मग खांद्याच्या पात्यावर निखारा टेकवल्यासारखं झालं. तो कण्हून खालीच बसला.

जेसन धावला, शर्ट वर केला. कातडी फुटून रक्ताचा थेंब आलेला. "आयला रे."

"फेल," सोमनाथ म्हणाला. "ह्यो फटको कोणाच्या मानेवर बसलो तर?"

"मी मालकाला काय सांगू आता?"

"सांग, सोमनाथाक रजा नको होती."

जेसनने बंदूक खोक्यात घालून चिकटपट्टी लावली.

सोमनाथने फोन लावला. "रुपाली, चुलतभावाक सांग, यंदाचो मान तूच घे."

ती म्हणाली, "आवाज असो कित्याक? खय लागला काय?"

"नाय गो," तो म्हणाला. पाठ टेकवता येत नव्हती म्हणून पुढे वाकून बसला, आणि जुन्या ढिगातली एक बंदूक ओढून तिचे स्क्रू सोडवायला लागला.