सुटल्यावरची नोकरी

तुरुंगात शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. बाहेर सांगावेत तर लोक आधी विचारतात, "भीती नाही वाटली?" आत सांगावेत तर म्हणतात, "यात हसण्यासारखं काय आहे, टीचर?"

हे गेले, त्याच्या पुढच्या वर्षी मी चेन्नईतल्या वेलचेरीच्या घरून तिथे शिकवायला जाऊ लागले. सरकारने तुरुंगात शेड दिली होती. यंत्रं आणि पगार एका कंपनीचा. काम शिकलेल्याला सुटल्यावर कंपनीच्याच गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात नोकरी, म्हणजे पुन्हा आत यायची वेळ येऊ नये. मी मुलाखतीची तयारी करून घ्यायची. घरापेक्षा तिथे बोलणं जास्त व्हायचं.

*

पहिल्याच दिवशी जेलर नटराजन सरांनी विचारलं, "मराठी? मग तमिळनाडूत किती वर्षं झाली?"

"आमचं घराणं तंजावरचं. तीनशे तरी झाली असतील."

"अय्यो! जन्मठेपवालासुद्धा चौदा वर्षांनी सुटतो हो, मॅडम!"

*

सेल्वम भांडणात एकाचं डोकं फोडून आत आलेला. मुलाखतीच्या सरावात मी मॅनेजर झाले होते.

"आधीच्या ठिकाणी किती वर्षं होतास?"

"सहा."

"रजा किती घेतल्या?"

"एकही नाही, टीचर."

"मग तिथून निघायचं कारण?"

"चांगली वागणूक!"

*

कंपनीचा नवा सेफ्टी ऑफिसर शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून आगीचा सराव घ्यायला आला. कारखान्याचा नियम असा की सायरन झाला की सगळ्यांनी धावत बाहेर. जेलचा नियम असा की सायरन झाला की सगळ्यांनी धावत बराकीत.

त्याने सायरन दिला. लोंढा बराकीकडे निघाला आणि ऑफिसर मधे सापडला. कुलूप लागलं, मोजणी झाली. एक माणूस जास्त!

नटराजन सर घामाघूम. "कमी भरले तर काय करायचं ते नियमात आहे, मॅडम. जास्त भरले तर कुठेच लिहिलेलं नाही!"

*

दिवाळीला कंपनीने सगळ्या कामगारांना चाकांच्या प्रवासी बॅगा वाटल्या. आमच्या शेडलाही आल्या. नटराजन सर त्या ढिगाकडे बघतच राहिले. "यांनी जायचं कुठे?"

सेल्वम म्हणाला, "सर, तुम्ही फक्त तारीख सांगा!"

*

तारीख आली. सेल्वम सुटला आणि कारखान्यात लागला, आमच्या शेडमधला पहिलाच. तो टिकला तरच पुढच्यांना घेऊ, असं मॅनेजर वरदन सरांनी बजावलं होतं. गावी बायकोनेही बजावलं होतं, नोकरी टिकली तरच मुलीला घेऊन येईन.

महिन्याभरात सुपरवायझरचा फोन. "मॅडम, हा दार उघडत नाही!"

सहा वर्षं दुसऱ्याने उघडलेल्या दारातून ये-जा केलेला माणूस. स्टोअर असो नाहीतर संडास, हा समोर उभा. कोणी उघडलं की "थँक्यू" म्हणून आत. काम चोख, पण निम्मा वेळ दाराशी!

मी गेले. वरदन सर म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण हे जमायचं नाही. वर चला, आजच मोकळं करू याला." सेल्वमला घेऊन आम्ही तिघं लिफ्टमध्ये शिरलो, आणि दोन मजल्यांच्या मधे वीज गेली.

वरदन सरांनी दारावर मुठी आपटल्या. हाका मारल्या. मग टाय ओढून काढला. सेल्वमने कोपऱ्यात शांतपणे मांडी घातली.

"बसा, सर. उभं राहिलं की वेळ लांबतो."

"किती लागतो वेळ?"

"मला सहा वर्षं लागली. पण उघडतात, सर."

वरदन सर खाली बसले. मीही बसले. सेल्वम त्यांना मुलीबद्दल सांगत राहिला. सरांचा श्वास हळूहळू जाग्यावर आला.

वीज आली, दार सरकलं. बाहेर सुपरवायझर उभा. मॅनेजर उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "याला माझ्या मजल्यावर घ्या. कायम. आणि यापुढे मी लिफ्टने जाईन तेव्हा हा बरोबर पाहिजे."

"पण सर, ते दाराचं..."

"दार मी उघडीन!"