वीतभर जोड

आमच्या हिला राग आला की ही बोलत नाही, कामाला लागते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी हे माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून घर जरा जास्तच चकचकीत दिसलं की माझं काय चुकलं ते मी आधी आठवायला लागतो.

हिचं काम दोऱ्यांचं. आमच्या किनाऱ्यावर एक खेळ चालतो. माणूस पायाला फळी अडकवून पाण्यावर उभा राहतो आणि भलामोठा कापडी पतंग त्याला वाऱ्यावर ओढत नेतो. पतंग फाटला की तो माझ्या शिलाई मशीनवर येतो, दोरी तुटली की हिच्या हातात. दोरी दिसायला सुतळीएवढी, पण बारीक विणलेली, आतून पोकळ, वेणीच म्हणा ना. तिला गाठ मारायची नाही. गाठ मारली की तिथला जोर निम्मा होतो आणि एके दिवशी ती तिथेच तुटते. मग ही काय करते, तारेच्या सुईने एका तुकड्याचं शेपूट दुसऱ्याच्या पोटात सरकवते, दुसऱ्याचं पहिल्याच्या, चांगलं वीतभर, आणि वरून टाके घालते. मग जितकं ओढाल तितकी वरची वेणी आतल्या शेपटाला आवळत जाते. मलाही शिकवून बघितलं हिने. मला जमलं नाही, आणि ते ही चारचौघांत आवर्जून सांगते.

हिचा एक नियम आहे. दुरुस्त झालेली दोरी गिऱ्हाइकाने आमच्या गल्लीत स्वतः ओढून बघायची. एक टोक भिंतीतल्या कडीला, दुसरं गिऱ्हाइकाच्या कमरपट्ट्याच्या हुकाला, आणि मागे रेलून सगळं अंग झोकून द्यायचं. कितीही ओळखीचा असो, त्याशिवाय दोरी गल्लीबाहेर जात नाही. शेजारीपाजारी पायऱ्यांवर बसून बघतात. फुकटची करमणूक कोण सोडतो?

आता मेहुण्याचं सांगतो. हिचा धाकटा भाऊ. किनाऱ्यावर मास्तरांची शाळा आहे, तिथे तो लोकांना हा खेळ शिकवायचा. त्याच्याही दोऱ्यांचे जोड हिच्याच हातचे. एकदा भर वाऱ्यात त्याच्या पतंगाची दोरी गेली, पतंग फिरला आणि याला उचलून खडकांवर आपटलं. जीव वाचला, पाय कामातून गेला. पतंग, दोऱ्या सगळं समुद्राने नेलं. तो अजून हॉस्पिटलात होता तेवढ्यात किनाऱ्यावर बोभाटा झाला. मास्तर म्हणत होते, बाईंचा जोड सुटला.

दोरी तुटली म्हणाले असते तर एक वेळ चाललं असतं. कितीही चांगली दोरी कधीतरी तुटते. पण जोड सुटला म्हणजे करणाऱ्याने माती खाल्ली. हिला वहिनी वहिनी म्हणणारे लोक रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले. दोऱ्या यायच्या बंद झाल्या आणि ही माझ्यासोबत पिशव्यांना बंद लावत बसली. मेहुणा आमच्या आतल्या खोलीत राहायला आला. तात्पुरता. त्या तात्पुरत्याला आता आठ वर्षं होतील. त्याला त्या दिवसाबद्दल विचारलं की मान हलवायचा. "मला काही आठवत नाही गं, ताई."

हिला एकच गोष्ट हवी होती. मास्तरांनी आमच्या गल्लीत यावं आणि भावासमोर कबूल करावं की जोड सुटला नव्हता. जगाचं जाऊ दे, भावाने तरी ते ऐकावं. मला त्याशिवाय मास्तरांचे एकदोन दातही हवे होते, पण मला कोण विचारतो! नवे लोक आले, ज्यांनी ते काही ऐकलं नव्हतं, त्यांच्या दोऱ्या हळूहळू हिच्याकडे यायला लागल्या. मास्तरांच्या शाळेतून मात्र एक धागा आला नाही. आणि ही रोज जेवायला बसताना त्यांचा उद्धार करायची. घास कमी, शिव्या जास्त.

आणि या वर्षी मास्तर स्वतः दारात उभे. स्पर्धा तोंडावर आली होती, त्यांच्या दोऱ्या खडकाला घासून गेल्या होत्या, नव्या वेळेत मिळत नव्हत्या आणि ते ज्याच्याकडून दुरुस्त करून घ्यायचे तो माणूस धंदा बंद करून गेला होता. दात काढायला आलेल्या माणसासारखा चेहरा करून त्यांनी गुंडाळी पुढे केली. मला वाटलं, ही आता ती तोंडावर फेकते.

"ठेवा," ही म्हणाली. "परवा या. स्वतः या, माणूस पाठवू नका."

चहा माझ्या नाकात गेला.

दुसऱ्या दिवशी घर आरशासारखं झालं होतं आणि ही दोऱ्या घेऊन बसली होती. मी मशीनवरून डोळा ठेवून होतो. तीन दोऱ्यांचे जोड नेहमीसारखे वीतभर. चौथीचं शेपूट हिने दोन बोटं आत घातलं, वर दिसण्यापुरता एक टाका घातला आणि दोरी बाजूला ठेवली.

माझा पाय मशीनवरच थांबला. "अगं, हे काय? हा माणूस पाण्यावर मरेल."

"पाण्यापर्यंत जाऊ देणार आहे का मी?" ही म्हणाली. "कडीला तेलपाणी करून ठेवा. आणि उद्या भावाची खुर्ची बाहेर दारात मांडा."

खरं सांगतो, आमच्या लग्नात झाला नव्हता एवढा आनंद मला त्या क्षणी झाला.

मास्तर आले. गल्लीत आधीच कुजबुज होती, पायऱ्या भरल्या होत्या. मेहुणा दारात, काठी गुडघ्यांमध्ये धरून. मास्तरांनी पहिली दोरी हुकाला अडकवून ओढली, ठीक. दुसरी, तिसरी, ठीक. मास्तर जरा सैलावले, शेजाऱ्यांकडे बघून हसलेसुद्धा. चौथी हिने स्वतः त्यांच्या हुकाला अडकवली.

"ओढा. अजून मागे. मास्तर, खाऊनपिऊन सुखी आहात, सगळं वजन टाका."

दोरी क्षणभर ताणून उभी राहिली. मग दोन्ही शेपटं सुळकन बाहेर आली आणि मास्तर पाठीवर, नळाच्या चिखलात. गल्ली हसली. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

ही सुटलेलं टोक हातात घेऊन त्यांच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. "जोड सुटतो तो असा. दोन बोटं घातला होता, मुद्दाम, म्हणून सुटला. वीतभर घातलेला माझा एक जोड सुटलेला दाखवा. आणि आता माझ्या भावासमोर सांगा, का घेतलंत माझं नाव?"

मास्तर कोपरावर उठले. चिडले नाहीत, उलट त्यांना काही समजेना असं दिसलं. "बाई, दोरी समुद्रात गेली. मी ती बघितली कधी? मला जे सांगितलं तेच मी बोललो."

"कोणी सांगितलं?"

मास्तरांनी दाराकडे हात केला. "यानेच. हॉस्पिटलात. म्हणाला, ताईचा जोड सुटला."

मी कापड मोजायची पट्टी घेऊन पुढे सरसावलो होतो, एवढं खोटं ऐकून कोण गप्प बसेल? पण मेहुण्याकडे बघितलं आणि तिथेच थांबलो. तो काठीच्या टोकाकडे बघत होता. नाही म्हणत नव्हता.

"खरं आहे?" हिने विचारलं.

मग तो म्हणाला, "त्या दिवशी सकाळी दोरी तुटली होती. वारा चांगला होता. तुझ्याकडे आणली असती तर तू ओढून बघितल्याशिवाय सोडली नसतीस, दिवस गेला असता. मी गाठ मारली. नंतर सगळे विचारायला लागले, आणि तुझं नाव तोंडातून निघून गेलं."

गल्लीत कोणी हसलं नाही. ही माझ्याकडे वळली. मला वाटलं, रडेल. आवाज अगदी रोजचा होता.

"तुम्हाला हे माहीत नाही," ही म्हणाली. "याच्या पायाला तेल लावताना मी याची माफी मागायचे. मलाच वाटायला लागलं होतं की घाईत जोड कमी घातला गेला असेल माझ्या हातून. आणि हा म्हणायचा, जाऊ दे ताई, मी तुला केव्हाच माफ केलंय."

मग मास्तरांना म्हणाली, "चौथी दोरी वीतभर घालून देते. ओढून बघा आणि मगच न्या. जाताना याला पण न्या. तुमच्या शाळेचा माणूस आहे."

मास्तरांनी पाठीवरचा चिखल झटकला आणि मान डोलावली. मेहुणा मला म्हणाला, "भावोजी, तुम्ही तरी सांगा." आठ वर्षं त्याने माझी आतली खोली अडवली होती, माझ्या चपला घातल्या होत्या, आणि मी काही बोललो की ही माझ्यावरच उखडायची. मी पिशवी शोधायला आत गेलो. आनंद झाला का? झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याचे शर्ट मी नको तितक्या निगुतीने घड्या केले, तेही खरं.

शर्ट, टॉवेल, गोळ्या, सगळं भरलं. वरून त्याच्या पायाच्या तेलाची बाटली ठेवली. ही आत आली. घरातून कोणीही प्रवासाला निघालं की ही एकदा पिशवी तपासते, तशी हिने तपासली. एक शर्ट नीट केला, गोळ्या हाताला येतील अशा वर घेतल्या, बाटली काढून घेतली आणि परत कपाटात ठेवून दिली.