कॉम्प्युटरमधलं कांद्याचं साल

दिवाळीला आमच्या घरी सगळे जमले की एक किस्सा ठरलेला असतो. फराळाची ताटं समोर आली की जावई म्हणतात, "बाबा, कांद्याने कॉम्प्युटर कसा खाल्ला ते होऊन जाऊ द्या." मग मी हातवारे करून सांगतो, दरवर्षी थोडा मसाला वाढवतो. सगळे हसतात. माझी बायकोही हसते. तो किस्सा खोटा आहे. रचलाही मीच, त्यामुळे खोडायचाही मीच.

मी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. माझं नाव होतं ते कानासाठी. मशीनच्या बेअरिंगवर संशय आला की मला बोलावणं यायचं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या कव्हरवर टेकवायचं, मूठ कानापाशी हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. डोळे मिटायची खरं तर काही गरज नसते, पण भोवती चार माणसं उभी असली की मिटावेसे वाटतात. मग मी सांगायचो, "अजून महिनाभर चालेल," किंवा "आत्ता बंद करा." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. निवृत्तीनंतर सोसायटीतले लोक मिक्सर आणि कूलर घेऊन यायला लागले. बायको दारातच त्यांना सांगायची, "मशीन आणलंय ना? मग या. मशीनचं ऐकतात ते. माणसाचं नाही."

कॉम्प्युटर मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेला होता. ती लग्न होऊन गेली आणि तो आमच्याकडे राहिला. त्यात बायकोची एक ठेव होती. तिची आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नामपूरहून येऊन आमच्याकडे राहिली होती. डोळ्याला पट्टी, करायला काम नाही. तेव्हा बायकोने तिला माइकसमोर बसवून अहिराणीतली लग्नाची गाणी म्हणून घेतली. मांडवाची, हळदीची, विहिणीची खोड काढायची. बटणं दाबायला मी असायचो. पुढच्याच वर्षी सासूबाई गेल्या. त्यांचा आवाज तेवढा त्या कॉम्प्युटरमध्ये उरला. बाकी कुठेही नव्हता.

त्याच टेबलाखाली कांद्याची गोणी असायची. नामपूरचा मेहुणा दर वर्षी घरच्या उन्हाळ कांद्याची गोणी आणून टाकायचा. आमच्या फ्लॅटमध्ये तिला हवेशीर जागा नव्हती. बायकोने ती शोधली. "कॉम्प्युटरच्या मागून सारखा वारा येतो," ती म्हणाली, "कांद्यालाही लागेल." मी तिला यावरून पुष्कळ चिडवलं. पण कांदे टिकायचे, हे खरं आहे.

एका थंडीत, गोणी तळाला गेलेली असताना, बायको म्हणाली, "अहो, हा मधूनच टक टक करतोय."

"कोण?"

"कोण म्हणजे? कॉम्प्युटर. ऐका ना. आत्ता झालं बघा."

मी ऐकलं. पंख्याची घुमघुम होती, बाकी काही नव्हतं. माझ्यापुरतं नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम मी त्याआधीच गुपचूप सोडून दिलं होतं. इतकी वर्षं मशीनच्या गोंगाटात उभं राहून बारीक आवाज माझ्या कानातून गेले होते. हे मला कळत होतं. दुसऱ्या कुणाला कळायला नको होतं.

"बघतो," मी म्हणालो आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. बाजूचा पत्रा उघडला, टोक पंख्याला लावलं, डोळे मिटले. पंखा ठणठणीत होता. मग बायको पुन्हा म्हणाली, "हे बघा, टक टक, खर्र." ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. "मला ऐकू येत नाही" एवढं म्हणायचं होतं. त्याऐवजी मी फडकं आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर सकाळी चिरलेल्या कांद्याची सालं होती. त्यातलं एक चिमटीत धरून आणलं, पंख्याजवळ हात घातला आणि जादूगारासारखं बाहेर काढलं.

"हे बघ. तुझ्या माहेरचा आहेर."

ती इतकी ओशाळली की मलाच हसू आलं. मी पत्रा बसवला. "झालं. आता ऐक."

तिने ऐकलं. "अजून येतोय."

"तो तुझ्या कानात बसलाय. जाईल दोन दिवसांत."

त्यानंतर ती त्या आवाजाबद्दल काही बोलली नाही. काही आठवड्यांनी कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्क गेली म्हणून सांगितलं आणि नवी बसवून दिली. जुनी बायकोच्या हातात होती. "आणि आईची गाणी?" तिने मला विचारलं. मी म्हणालो, "सालं आत गेली असणार." हार्ड डिस्क ही बंद डबी असते. तिच्यात कांद्याचं साल काय, धुळीचा कणही जात नाही. हे मला माहीत होतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा मी तिला हसत हसत सांगितलं, कांद्याने कॉम्प्युटर खाल्ला. तिथून किस्सा सुरू झाला. पुढच्या उन्हाळ्यात बायकोने भावाला फोन करून सांगितलं, "या वर्षी कांदे आणू नकोस रे. जागा नाही." मी शेजारीच पेपर वाचत बसलो होतो.

गेल्या वर्षी मुलीने मला कानाचं मशीन घ्यायला लावलं. टीव्हीचा आवाज तिला फोनवरून, तिच्या घरी ऐकू यायचा म्हणे. मशीन लावल्याच्या पहिल्या दिवशी मला कळलं, की पेपर उलटताना वाजतो आणि माझ्या चपला फरफटतात. बायको स्वयंपाकघरात पुटपुटते हेही कळलं. बहुतेक माझ्याविषयीच पुटपुटते.

नंतर मेहुण्याच्या मुलीचं लग्न ठरलं. तिने आत्याला फोन केला. हळदीला आजीची गाणी हवी होती. बायकोने आठवून बघितलं. एका गाण्याच्या दोन ओळी, दुसऱ्याची एक. दुपारी तिने कपाटातून ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली ती हार्ड डिस्क काढली. इतकी वर्षं तिने ती जपली होती, हे मला माहीत नव्हतं. "कुठे दाखवता येईल का ही?" तिने विचारलं.

कॉलेज रोडला असा गेलेला डेटा काढून देणारं एक दुकान आहे. तिथल्या मुलीने डिस्क वायरींना जोडली. क्षणभर शांतता, आणि मग मला ऐकू आलं. टक. टक. खर्र. पुन्हा टक. आयुष्यभर मशीनं ऐकली, पण इतका सरळ आवाज क्वचितच ऐकला असेल. आतलं काहीतरी जागेवर जायला बघतंय आणि त्याला जागा सापडत नाही. कारखान्यात असा आवाज आला असता तर मी डोळे न मिटता सांगितलं असतं, आत्ता बंद करा.

"हाच," बायको म्हणाली. "हाच तो."

दुकानातल्या मुलीने लगेच वीज बंद केली. "काकू, हा आवाज आला की तेव्हाच बंद करून कॉपी करून घ्यायचं असतं. बहुतेक सगळं निघालं असतं. आता जेवढं मिळेल तेवढं."

"अगं, काय झालं होतं," बायको तिला समजावून सांगायला लागली, "मी मेली कांदे ठेवायचे टेबलाखाली. त्यांची सालं आत गेली."

मुलगी हसली. "यात कशी जातील काकू? सीलबंद असते ही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पावतीची घडी करत होतो. बरीच लहान घडी झाली होती.

बाहेर आल्यावर, स्कूटरपाशी, मी तिला सगळं सांगितलं. कानाचं, ओट्याचं, सालाचं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "साल आमच्या कांद्याचं नव्हतं, हे मला तेव्हाच दिसलं होतं."

"म्हणजे?"

"गर्द लाल होतं. तुम्ही मिसळीबरोबर खायला बाजारातून लाल कांदा आणला होता, त्याचं. आमचा उन्हाळ कांदा भुरका असतो. नामपूरच्या मुलीला एवढं कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कान तुमचा ना. म्हटलं, साल कुठलं का असेना, हे म्हणतात म्हणजे आवाज सालाचाच असणार. माझ्या कानात बसला असेल टक टक."

ती डिकी उघडून पिशवी आत ठेवत होती. पाठमोरीच म्हणाली, "मी भावाला कांदे आणू नको म्हटलं, तेव्हा तुम्ही शेजारी होतात. ते तरी ऐकू आलं होतं ना?"

हे मात्र ऐकू आलं होतं.

घरी येऊन तिने भावाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि माझ्यासमोर ठेवला. "बोला." मी बोललो. पलीकडे मेहुणा असा हसला की फोन टेबलावर थरथरला. "म्हणजे दाजी, आमचा कांदा निर्दोष सुटला म्हणा की!"

"सुटला."

"मग आरोपीला घेऊन येतो. टेबलाखालीच ठेवायचा बरं का."

"तिथेच ठेवायचा," बायको म्हणाली.

दुकानातून फोन आला. बहुतेक काही निघालं नव्हतं. एक गाणं निम्मं निघालं होतं, आणि एका फाइलमध्ये गाण्याच्या आधीचं नुसतं बोलणं होतं. आधी सासूबाईंचा आवाज, "चालू शे का ते?" मग माझा, "चालू आहे, म्हणा." मग त्या, "तुमले ऐकू येस ना?" आणि मी, मोठ्या ऐटीत, "एकदम स्पष्ट." ही फाइल बायको मला दिवसातून एकदा तरी ऐकवते.

निम्मं गाणं हळदीचं होतं. नामपूरला मांडवात भाचीने फोन स्पीकरला जोडला. सासूबाईंचा आवाज मांडवभर पसरला, म्हाताऱ्या बायका बोलता बोलता थांबल्या. ओळीच्या मध्येच आवाज तुटला. कुणी काही म्हणायच्या आत माझ्या बायकोने तिथून पुढे उचललं. घरी आठवून बघताना जे आलं नव्हतं ते आईचा आवाज ऐकल्यावर आलं. जिथे अडली तिथे वहिनीने शब्द दिला, आणि मग बाकीच्या बायका मिसळल्या.

परत येताना मी तिला म्हणालो, "दुसऱ्या कडव्यात सूर जरा घसरला होता तुझा."

"मग काढून ठेवा ते कानातलं," ती म्हणाली.

मी काढलं नाही. मेहुण्याने दिलेली गोणी पायांशी होती, आणि नाशिकपर्यंत बायको हळू आवाजात तेच गाणं म्हणत होती.